स्टूल रिकामं येत होतं

ही रचलेली गोष्ट नाही. काकांनी सांगितली तेव्हा काकू शेजारीच बसली होती, आणि तिनं त्यांना एका शब्दानंही अडवलं नाही.

भर दुपार होती. काकांचं दुकान काचेवर नावं, चित्रं कोरून देण्याचं. त्या दिवशी मात्र काम गिऱ्हाइकाचं नव्हतं. काकांना स्वतःची लेक कोरायची होती.

पिटुकली. सहा वर्षांची. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

धड फोटो एकच होता. दुकानातल्या स्टुलावर बसून हसणारी पिटुकली, मागे दुकानाचा जुना पडदा. कोरायच्या मशीनला फोटो कळत नाही, त्याला रेघा लागतात. फोटोच्या रेघा करायचं सॉफ्टवेअर म्हणजे काकांच्या हातचा मळ.

बटण दाबलं. रेघा उमटल्या.

पडदा आला. स्टूल आलं...

स्टुलावर कुणीच नव्हतं.

हे सॉफ्टवेअर बारीक ठिपके कचरा समजून गाळून टाकतं. तसंच काहीतरी झालं असेल, म्हणून काकांनी गाळणं बंद केलं. आता पडद्यावरचे डागसुद्धा आले.

पोर नाही.

तेवढ्यात मागे... स्टूल करकरलं.

काका वळले. स्टूल रिकामं. पण त्याची गादी मधोमध दबलेली.

आणि पडद्याआडून... दाबून धरलेलं हसू.

हे हसू काकांच्या ओळखीचं होतं. पिटुकली लपली, की बाबा ‘हरलो’ म्हणेपर्यंत काही केल्या बाहेर यायची नाही. हॉस्पिटलात नेलं त्या सकाळीही ती याच पडद्याआड लपली होती. काकांना कुणाचातरी फोन आला आणि तिला शोधायचं राहूनच गेलं.

काकांना रडू आवरेना.

“हरलो गं बाई मी. ये बाहेर.”

हसू थांबलं. दबलेली गादी हळूहळू... वर आली.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. स्टुलावर पिटुकली होती, पडलेल्या दाताच्या खिडकीसकट.

कोरलेली काच घेऊन ते घरी गेले. काकूला सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ काचेवरून बोट फिरवत राहिली.

“अहो, हरलो कशाला म्हणालात? अजून खेळली असती ना.”

काच आज भिंतीवर आहे. काका मात्र दुपारी दुकानात कुणी नसलं की तोच फोटो उघडतात, बटण दाबतात, आणि मागे कान लावून बसतात.

पिटुकली दरवेळी नीट येते. हसत, जागच्या जागी.

मागे मात्र... काहीच करकरत नाही.