काहिलीवरचा आवाज

पंचगंगेच्या काठावरच्या गुऱ्हाळांत त्या काळी गुळव्या माणूस औषधालाही उरला नव्हता. उसाचा रस कुठवर आटवायचा, काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे सांगायला प्रत्येक काहिलीवर एक पेटी टांगलेली असे. ती वाफेचा वास घेई आणि बोले. शालन चौगुले हिच्या गुऱ्हाळातली पेटी तर थेट तिच्या नवऱ्याच्या आवाजात बोले. रंगराव म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला गुळव्या. नऊ हंगाम पेटीशेजारी उभं राहून त्यांनी तिला वास शिकवला, चुकली की शिव्या हासडल्या, ऐकून ऐकून तिने त्यांचा आवाजही उचलला, आणि चार वर्षांपूर्वी ते वारले. पेटी राहिली.

गावातल्या बायका म्हणत, शालनला गुळाचं काही पडलेलं नाही, ती आवाजासाठी चुलवाण पेटवते. त्यात खोटं काही नव्हतं. "शाले, आच कमी कर," असं पेटी म्हणायची, "अजून येळ हाय," असं शालन म्हणायची, आणि मग दोघांची जुंपायची. हंगाम संपला की तिला घर खायला उठे.

त्या वर्षी खंडेनवमीला तिने रीतीप्रमाणे सगळी अवजारं धुऊनपुसून काढली. कोयत्यांना धार लावली, चरकाला नवा पट्टा घातला. पेटीची वासपट्टी, म्हणजे तिचं नाकच, काजळीने काळीठिक्कर पडली होती. नवमीला सगळ्यांना नवं मिळतं, मग पेटीनेच काय घोडं मारलं होतं? शालनने तालुक्याहून कोरी पट्टी आणली, स्वतःच्या हाताने बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दोन दिवस ती दाबत राहिली.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून डॉ. केतकी सबनीस आल्या. असल्या पेट्या तिथेच घडत. त्यांनी वीज तपासली, तारा काढून परत खोचल्या, एकेक भाग सुटा चालवून पाहिला. सगळे भाग ठणठणीत होते. मग त्यांनी जुनी पट्टी मागितली. शालनने ती लगबगीने आणून दिली. टाकायची कशी म्हणून तिने ती चांगली राखेने घासून लख्ख करून ठेवली होती. केतकीबाईंनी ती उजेडात धरून तिच्यावरच्या ओरखड्यांवरून नख फिरवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साध्या संगणकाचं ज्ञान आकड्यांत असतं. ते एका यंत्रातून काढून दुसऱ्यात ओतता येतं. ही पेटी म्हणजे 'मुरता संगणक'. तिच्यात केसाहून बारीक लाखो धागे असतात. प्रत्येक अनुभवाने कुठला धागा किंचित जाड होतो, कुठला बारीक, आणि ही जाडीच तिचं शिक्षण. त्यामुळे तिला वीज नावापुरती लागते. पण लोणच्यातून मुरलेला खार वेगळा काढता येत नाही, तसं तिचं ज्ञानही काढून दुसरीकडे नेता येत नाही. जुन्या पट्टीच्या खोडी धरून ती शिकली होती. जागी होताना ती आधी आपलं नाक चाचपते. आता ते परकं लागतं, म्हणून ती उठत नाही.

"मग आता?" शालनने विचारलं.

दोन वाटा होत्या. जुनी पट्टी परत बसवली तर पेटी अगदी पहिल्यासारखी बोलेल, पण एकच आधण, म्हणजे एका काहिलीचा रस आटेपर्यंत. घासलेली पट्टी तेवढीच तग धरेल, आणि जाता जाता भलतंसलतं शिकवून सगळे धागे बिघडवून जाईल. नाहीतर नव्या नाकाची सवय करायची. त्यासाठी वीसेक आधणं जाणत्या माणसाने शेजारी उभं राहून, पेटी बोलली की 'बरोबर' नाहीतर 'चूक' हे बटण दाबायचं. मग ती वर्षानुवर्षं चालेल.

"जाणतं मानूस म्हंजे मीच की."

"हो काकी. पण प्रत्येक बटणाबरोबर जुने धागे बदलत जाणार."

"म्हंजे आवाज मालकांचा, आन् शानपन माझं?"

"हळूहळू तसंच होईल."

शालन दुपारभर चरकापाशी बसून राहिली. एका आधणात माणूस किती बोलणार? तिला रंगराव रोज हवे होते, ऊन उतरेपर्यंत शेजारी, खेकसत का होईना. केतकीबाई निघायच्या तयारीला लागल्या तेव्हा ती उठली. "शिकवतो की मी," ती म्हणाली.

पहिले दिवस पेटी अडखळे. "शाले... आच..." एवढंच. तेवढ्यानेही शालनचा पदर ओला होई. पेटी तिच्या मनासारखं बोलली की ती 'बरोबर' दाबे, उलट बोलली की 'चूक'. दिवाळी सरली तशी पेटी घडाघडा बोलू लागली. गूळ असा उतरला की अडत्याने निरोप पाठवून वाखाणला. शालनला मात्र एक गोष्ट सलू लागली. आच कमी करावी असं तिच्या मनात यायला आणि पेटीने तेच म्हणायला एकच गाठ पडे. हंगामभरात एकदाही दोघांची जुंपली नाही.

एका दुपारी माणसं जेवायला गेली होती. काहिलीतला रस आटून उतरवायला झाला होता. नाकाला कळत होतं, फेसाचा रंगही सांगत होता. शालन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मुद्दाम म्हणाली, "अजून येळ हाय."

ती शिवीची वाट बघत होती. एक सणसणीत शिवी, बास. काहिलीच्या कडेला करपल्याचा वास सुटला.

"तुझं बरोबर हाय, शाले," रंगरावांचा तंबाखूने घोगरलेला आवाज म्हणाला.

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शालनने 'चूक' बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली.

"बरं," आवाज म्हणाला, "तू म्हणशील तसं."