हणमंतरावांची जुनी प्रत

वाणीयंत्राची नवी कार्यप्रणाली बसवली तरी जुनी लगेच पुसायची नाही, महिनाभर यंत्रातच ठेवायची, असा कोल्हापूरच्या वाणी-पुनर्वसन केंद्राचा नियम होता. नवीत काही बिघडलंच तर परत फिरायला वाट असावी, एवढाच हेतू. तिसाव्या दिवशी रुग्णाला विचारायचं, तो हो म्हणाला की जुनी प्रत कायमची काढून टाकायची. हे सफाईचं काम केतकी वालावलकरकडे होतं. तिने आजवर तीनशे अकरा प्रती पुसल्या होत्या. एकाही रुग्णाची तक्रार आली नव्हती.

हणमंतराव चौगुले हे तीनशे बारावे. उभा जन्म गुळाच्या सौद्यात पुकारा करण्यात गेलेला माणूस. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला आणि मानेखालचं सगळं अंग आणि वाचा एका सकाळीच गेली. डोळे तेवढे हलत राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कवटीत वाणीयंत्र बसवलं. मनात आलेला शब्द मेंदूतून टिपायचा आणि घशाच्या, जिभेच्या, चेहऱ्याच्या स्नायूंकडून तो वदवून घ्यायचा, हे त्याचं काम. हणमंतराव बोलू लागले, पण अडखळत. एकेका शब्दाला दोन-तीन सेकंद लागत. नव्या प्रणालीने ती अडचण पार घालवली होती.

"अवो बाई, आमचं मालक लई ग्वाड बोलाय लागल्यात," चाकाची खुर्ची आत ढकलत त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणाल्या. "महिनाभरात एक शिवी न्हाई. आमटी चांगली झालीया म्हनत्यात. उभ्या जन्मात म्हनलं न्हवतं!"

"चांगल्याला चांगलंच म्हननार की," हणमंतराव हसत म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची रेघ गालावर उतरत होती. शेवंताबाईंनी सवयीने ती पदराने टिपली. डोळ्यांना पाणी येणं हा नव्या प्रणालीचा किरकोळ दुष्परिणाम म्हणून पत्रकात नोंदवलेलाच होता.

केतकीने यंत्र जोडलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : जागा संपली.

तिला नवल वाटलं. नवी प्रणाली तर जुनीपेक्षा लहान होती. मग जागा खाल्ली कुणी? एरवी ती थेट सफाईचं बटण दाबत असे. आज पहिल्यांदाच तिने आतल्या नोंदी उघडून पाहिल्या. जुनी प्रत बसवणीच्या दिवशी होती त्याच्या तिप्पट झाली होती. शेवटची भर पडली होती चार सेकंदांपूर्वी. ती पाहत असतानाच आकडा पुन्हा हलला.

बंद करून ठेवलेली प्रत वाढत नसते.

ती डॉक्टर विश्राम केळुसकरांच्या खोलीत गेली. नवी प्रणाली त्यांनीच घडवली होती.

"सर, नवी प्रणाली इतकी वेगाने कशी बोलते?"

"पूर्वानुमान. रुग्णाची दोन वर्षांची बोलणी तिने अभ्यासलेली असतात. समोरचा काय म्हणाला यावरून हा काय म्हणेल, ते ती आधीच ताडते. मेंदूचा संदेश आला की पडताळून घेते."

"आणि संदेश आलाच नाही तर?"

"तर अंदाजावर चालते. क्षणभरच. संदेश येतोच."

केतकीने नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. "नव्या प्रणालीला महिनाभरात एकही संदेश आलेला नाही. मेंदूच्या पेशी दोन वर्षांत जुन्या प्रणालीशी बांधल्या गेल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नाही की पत्ता बदललाय. हणमंतराव अजून तिथेच बोलताहेत सर. आणि तिथून बाहेर यायला तोंड नाही."

डॉक्टरांनी नोंदी पुन्हा वरून खाली वाचल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मग महिनाभर आपल्याशी बोलतंय ते…"

वाक्य पुरं न करताच ते उठले.

हणमंतराव परिचारिकेला गुळाचे प्रकार समजावून सांगत होते. केतकी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडेच आपण पाहतो. तिने आज जाणून डोळ्यांत पाहिलं.

"हणमंतराव, मी सांगते तसं डोळ्यांनी करा. मघापासून बोलताय ते तुम्हीच बोलताय का? हो असेल तर एकदा मिटा, नसेल तर दोनदा."

"मीच की बाई! दुसरं कोन असनार?" तोंड खळाळून हसलं.

डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले, इतके घट्ट की पापण्या थरथरल्या.

"जुनी प्रत पुसू का?"

"पुसा की, अडगळ कशाला ठेवायची?"

डोळे दोनदा मिटले, मग मिटत-उघडतच राहिले, भिंतीवर डोकं आपटावं तसे.

शेवंताबाईंच्या हातातला पदर गळाला. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहीनात. "बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "ह्येच्या आत माझा मानूस हाय व्हय?"

"आहे. जुनी प्रणाली परत चालू केली तर तो बोलेल. पण पहिल्यासारखाच, अडखळत."

"अगं, माझं ब्येस चाललंय," हणमंतरावांचं तोंड समजुतीने म्हणालं.

"करा चालू," शेवंताबाई म्हणाल्या. "माझ्यादेखत करा."

डॉक्टरांनी मान हलवली. केतकीने बटण दाबलं. हणमंतरावांचा चेहरा एकदम सैल पडला, हसू पुसलं गेलं. मिनिटभर नुसता श्वास. मग ओठ हलले.

"शेवंता…"

"जी. हितंच हाय मी."

"त्यो… मुडदा… कोन… हुता?"

शेवंताबाईंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. हणमंतराव डॉक्टरांकडे पाहत राहिले. उत्तर त्यांना हवंच होतं.

"कुणी नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "नुसता अंदाज होता."

ते खोलीबाहेर आले तेव्हा केतकी व्हरांड्याचा कठडा धरून उभी होती.

"आधीच्या तीनशे अकरा जणांचं काय, सर?"

"मेंदूशी जुळलेले धागे जुन्या प्रतीतच होते. ती नसेल तर परत फिरायला वाटच नाही."

"पण ते लोक?"

डॉक्टरांनी सफाई झालेल्यांची यादी फोनवर उघडून तिच्यापुढे धरली.

केतकीने यादीतलं पहिलं नाव काढलं. गडहिंग्लजच्या प्रमिला शिरगुप्पे, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका; हणमंतरावांसारखेच त्यांचेही डोळे तेवढे हलत. सफाई होऊन आठ महिने झाले होते. तिने फोन लावला. मुलाने, अजितने, उचलला. मागे प्रमिलाबाई कुणाला तरी बडबडगीत शिकवत होत्या. आवाज ठणठणीत होता.

"आई एकदम मजेत आहे मॅडम. डोळ्यांना पाणी येतं तेवढं."

"अजित, एक करा. त्यांच्या डोळ्यांकडे बघा, आणि मी सांगते ते विचारा." तिने हणमंतरावांना विचारलेलाच प्रश्न डोळ्यांच्या खुणेसकट सांगितला. त्याने हसत हसत विचारला.

त्याचं हसणं मध्येच थांबलं.

"मिटले," अजित म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दोनदा. मॅडम, ती अजून मिटतेच आहे. थांबतच नाहीये. याचा अर्थ काय?"

तेवढ्यात मागून प्रमिलाबाईंचा प्रेमळ, स्वच्छ आवाज आला.

"अरे, काही नाही रे बाळा. डोळ्यांत काहीतरी गेलंय. तू जेवून घे बघू."