लाल पट्टा

छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला नोकरीवर परतताना रामाकोन्याच्या फाट्यावर गौरवची मोटारसायकल पंक्चर झाली. गाडी ढकलत, घामाघूम होत तो नत्थूजींच्या मेंढीफार्मवर पोचला. तिथं शहरातले पाहुणे राहायला येत, कोकरांना बाटलीनं दूध पाजत, फोटो काढत. नत्थूजींच्या मुलीनं, सुचितानं, त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला, तिच्याकडे बघितलं… आणि अजून एक मागितला.

मग आठ रविवार तो येतच राहिला. जामसांवलीला दर्शनाला आलो होतो, म्हटलं डोकावून जावं, हे दर वेळचं ठरलेलं. याला मेंढ्यांचं वेड लागलंय, अशी सुचिता स्वतःची समजूत घालत होती.

नवव्या रविवारी पाहुण्यांची गर्दी उसळली, त्यात मेंढ्या न्यायला व्यापाऱ्याचा ट्रकही आलेला. व्यायला आलेल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारा, चिमीपासून सुरुवात करा, असं त्याला सांगून ती चहा करायला गेली. चिमीची आई वारली होती. सुचितानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं.

चहा घेऊन ती आली, तर व्यापाऱ्याचा ट्रक निघून गेलेला. चिमी नव्हती.

“लाल पट्टा काहून मारला तुमी?”

“तोच डबा उघडा होता…”

“व्यायच्या मेंढीले निळा मारतात. लाल म्हणजे विकलेली.” तिचा आवाज इतका हळू होता, की तो गारच पडला. “तुमी आता येऊ नका.”

त्यानं गाडीला किक मारली आणि ट्रकच्या मागे सुटला. दुपारी सुचिता जेवली नाही.

चारला एक टेम्पो दारात थांबला, मागे मोटारसायकल लादलेली. आधी चिमी उतरली. मागून गौरव, नुसत्या बनियनवर! त्याच्या शर्टात ओलं कोकरू गुंडाळलेलं होतं. सौसरला ट्रक गाठेपर्यंत चिमी व्यायली होती, आणि चूक ऐकून व्यापाऱ्यानं मायलेकरांना मुकाट्यानं परत केलं होतं.

“काका, खरं सांगतो,” तो नत्थूजींना म्हणाला, “मले मेंढ्यायतलं काही समजत नाही. त्यायच्या वासानं डोकं दुखते माझं. मी सुचितासाठी येतो.”

सुचिता जागच्या जागी थिजली. बाबांसमोर… असं सरळ?

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमाले तिसऱ्याच इतवारी समजलं होतं.”

हा दुसरा धक्का! म्हणजे घरात आपणच तेवढ्या बावळट? सुचितानं त्याच्या हातातून कोकरू घेतलं, चिमीच्या कासेला लावलं. ते लुचू लागलं.

“मग मी… निघू?” गौरवनं विचारलं.

“नाकाले रुमाल बांधा,” ती कशीबशी म्हणाली. “पण येत जा.”