सतरा नंबरचा बिल्ला

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. दुसऱ्याकडून ऐकलं असतं तर मीही हसलो असतो.

पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. आणि अजून थांबलेलं नाही.

त्याला सगळे दादा म्हणतात. खाडीच्या किनाऱ्यावर त्याचं विंडसर्फिंगची शिडं दुरुस्त करायचं दुकान आहे. एक लांबच लांब टेबल, एक जुनी शिलाई मशीन आणि पारदर्शक प्लास्टिकचे रोल. मी तिथेच कापायचं काम करतो. पाण्यात मात्र मी घोट्याच्या वर कधी गेलो नाही.

दुकानासमोर सिमेंटचा सार्वजनिक उतार आहे. तिथून सगळे पाण्यात उतरतात. उताराच्या वर जीवरक्षकांची चौकी, आणि चौकीच्या भिंतीवर एक लाकडी फळी. फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा.

वरची रांग 'पाण्यात'. खालची 'किनाऱ्यावर'.

प्रत्येकाचा नंबर घातलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला असतो. उतरताना तो वर लावायचा, परत आल्यावर खाली. आणि नियम एकच... आपला बिल्ला आपल्याच हाताने हलवायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही.

सूर्य मावळताना चौकीवाले काका फळी बघतात. वरची रांग रिकामी असेल तर कुलूप लावून घरी. एक जरी बिल्ला वर दिसला तरी बोट काढून शोधायला निघायचं.

दादाचा नंबर सोळा. त्याच्या धाकट्या भावाचा सतरा.

धाकटा शाळेत गणित शिकवायचा. उशिरा येणाऱ्या पोरांवर डाफरायचा, आणि शनिवारी पाण्यात उतरला की स्वतःच वेळेचं भान विसरायचा. "दादा, शेवटची एक फेरी," म्हणायचा. ती शेवटची फेरी कधीच शेवटची नसायची. दादाने त्याचे लाडही केले आणि कानही उपटले. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

तो शनिवारच होता. साडेपाच वाजले होते. आईला, म्हणजे माझ्या मावशीला, सहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि दादा आवरून, कपडे बदलून धाकट्याची वाट बघत होता.

वारा नुकताच फिरला होता. जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे परत येणाऱ्याला उलटा.

धाकट्याचं नारिंगी शीड उतारापासून हाकेच्या अंतरावर आलं होतं. त्याने हात वर केला. दादाला वाटलं, तू हो पुढे, मी आलोच, असं सांगतोय.

दादाने आपला बिल्ला खाली लावला. आणि त्याच हाताने... सतरा नंबरचाही.

आला म्हणजे आलाच की आता, असा त्याने विचार केला. मग तो आईला घेऊन दवाखान्यात गेला.

काकांनी फळी बघितली. वरची रांग रिकामी होती. ते घरी गेले.

रात्रीचं जेवण झाकून ठेवलं होतं, तेव्हा आईने विचारलं, धाकटा कुठे राहिला. तोपर्यंत तीन तास गेले होते.

शिडाखालचा बोर्ड दोन दिवसांनी सापडला. धाकटा सापडला नाही.

सगळे म्हणाले, पोरगा परत आला असणार, बिल्ला खाली लावला असणार, आणि न सांगता पुन्हा उतरला असणार. त्याला फेऱ्यांचा सोस होताच. काकाही तेच म्हणाले. आईनेही तेच धरून ठेवलं. चूक त्याचीच, असं म्हणत ती रडायची.

दादा गप्प राहिला. आज सांगू, उद्या सांगू करत सहा महिने गेले.

मग एका शनिवारी...

वरच्या रांगेत सतरा नंबर लटकत होता. ओला.

खरा बिल्ला तर आईच्या कपाटात, धाकट्याच्या चष्म्याशेजारी ठेवलेला होता. कुणीतरी घाणेरडी थट्टा केली म्हणून दादा चिडला. तो बिल्ला काढायला गेला.

बिल्ला निघेना.

साधा खिळा, साधी दोऱ्याची गाठ. दादाने पक्कड आणली. बोटं सोलवटली, खिळ्याभोवतीचं लाकूड सुटलं, पण बिल्ला जागचा हलला नाही. काका मागे उभे राहून बघत होते. शेवटी ते शांतपणे म्हणाले,

"आता नाही निघायचा तुझ्या हाताने. त्या दिवशी काढलास तेवढं पुरे झालं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, हे विचारायची दादाला हिंमत झाली नाही. काकांनी बोट काढली, अंधार पडेपर्यंत फिरले आणि रिकामे परतले.

दर शनिवारी तेच सुरू झालं. रविवारी खिळा रिकामा. शनिवारी पुन्हा सतरा नंबर. आणि साडेपाचला पाण्यावर... नारिंगी शीड. हाकेच्या अंतरापर्यंत यायचं, त्याच्या पुढे नाही. एक हात वर. दादा छातीभर पाण्यात शिरून ओरडायचा. शीड जवळ येत नसे आणि लांबही जात नसे.

तेव्हा त्याला कळलं, तो हात कशासाठी वर होता.

मग तो शनिवार आला. दादा उतारावर उभा होता. कोरडा. पाण्यात गेलाच नव्हता. आईला आज सगळं सांगायचं, असं ठरवून निघाला होता. जाता जाता सवयीने फळीकडे बघितलं...

वरच्या रांगेत दोन बिल्ले होते.

सोळा आणि सतरा.

सोळा तर त्याचा स्वतःचा. हात त्याचा स्वतःचा. तरीही निघेना.

काका आले. फळी बघितली. दादा समोर उभा राहून म्हणाला, "काका, मी इथे आहे." काकांनी त्याच्या अंगावरून पलीकडे पाण्याकडे नजर टाकली, आणि बोट काढली.

दादा धावत घरी गेला. दार ढकललं. आई आतून म्हणाली, "दोघं आलात का?" तिची ही जुनी सवय. ती बाहेर आली, उंबऱ्यापर्यंत.

"आई, त्याचा बिल्ला मी काढला. त्याची चूक नव्हती."

आईने डावीउजवीकडे बघितलं. वाऱ्याने उघडलं वाटतं, असं पुटपुटली आणि दार लावून घेतलं.

हे त्याने मला रविवारी सकाळी दुकानात सांगितलं. तेव्हा तो मला नेहमीसारखा दिसत होता. फक्त त्याच्या बाह्यांतून पाणी टपकत होतं.

त्यानंतर दर शनिवारी तो आईला तेच सांगतो. तिला ऐकू जात नाही. मधल्या दिवसांत बरा असतो, पण तेव्हा त्याला ते बोलताच येत नाही. तोंड उघडलं की खोकला येतो, खारट पाण्याचा. म्हणून त्याने मला विनवलं, निदान तू तरी सांग. मी हो म्हणालो. दोनदा तिच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो. दोन्ही वेळा सांगवलं नाही.

आधी तो रविवारी परत दिसायचा. मग सोमवारी. गेल्या आठवड्यात बुधवारी आला.

आज शुक्रवार आहे. सकाळी मावशीचा फोन आला होता, थोरला घरी आला नाही म्हणून. मी म्हणालो, येईल.

मी दुकानातच बसलोय. समोर मशीन चालू आहे. तिच्यावर कुणी बसलेलं नाही. सुईखालून नारिंगी कापड पुढे सरकतंय, आणि जमीन ओली होत चाललीय.