मिठागरातलं पाऊल

चहूकडे पाणीच पाणी, आणि हा बाबा हातात रिकामा डबा घेऊन पाणी शोधत होता! शेवंतीला आधी हसूच फुटलं. मग तो कुठून चालत येतोय ते दिसलं, आणि हसू पार पळालं.

पौष सरत आला होता. गोव्यातल्या आगरवाड्याच्या खाडीकाठी मिठागरं तयार करायचे ते दिवस. पावसाळाभर पाण्याखाली असलेली जमीन थंडीत कोरडी करायची, चिखल पायांनी तुडवायचा, लाकडी फळीने चोपून आरशासारखा गुळगुळीत करायचा. एकदा चोपला की त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, अगदी मालकानेसुद्धा. शेवंतीच्या बाबांनी, कृष्णनाथांनी, कालच मधला कप्पा चोपून पुरा केला होता. आणि त्याच कप्प्यातून तिरका, डुलत डुलत हा येत होता.

"ए... थंयच रव," ती बांधावरून ओरडली.

"रवलंय," तो थबकला. "जरा पाणी मिळतला काय? गाडी तापली."

"मागे बघ. काय केलंस तां बघ."

त्याने मागे बघितलं. रस्त्यापासून इथवर चांगली ऐसपैस पावलं उमटली होती. त्याचा चेहरा पडला. मोरजीला चिरे घेऊन चाललेला लॉरीवाला तो, त्याला मिठाचं काय ठाऊक असणार?

"आता काय करू? मागे फिरू, की फुडे येव?"

"मागे गेलंस तर पावलां, फुडे इलंस तरी पावलां."

"मगे हयच रवतंय," तो गंभीरपणे म्हणाला. "मीठ झाला की माकाय उचलून घी."

शेवंतीने ओठ चावला. हसायचं नाही असं ठरवलं की हसू जास्तच येतं, त्याला ती तरी काय करणार!

कृष्णनाथ आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुडवलंस मरे? आता नीट तुडव." रस्त्यावर चिऱ्यांची लॉरी थांबून राहिली, आणि तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कप्पा पुन्हा तुडवू लागला. तुडवताना कळलं की त्याचं नाव महादेव, तेरेखोल नदीपलीकडच्या, गोव्याच्या हद्दीबाहेरच्या आरोंद्याचा. लॉरी दुसऱ्याची, गावाकडे आई आणि थोडी भातशेती. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. ते शेवंतीने आपलं आपण बघितलं.

तो गेल्यावर बापलेकींनी फळी फिरवली. खाडीचं पाणी आत घ्यायच्या लाकडी दरवाजाला तिकडे मानस म्हणतात. त्या मानशीजवळचा कोपरा शेवंतीच्या वाट्याला होता. तिथे एक पाऊल पुसायचं राहिलं. राहिलं की राहू दिलं, ते मात्र मला विचारू नका.

माघात पाणी घेतलं, ऊन तापलं, दुपारचा समुद्राकडचा वारा वाहू लागला आणि कप्प्यांत मीठ धरलं. मीठ न्यायला लॉरी आली, ती महादेवचीच. लॉरीच्या मालकाला त्याने काय सांगून पटवलं देव जाणे. तेव्हापासून शेवंतीचं आणि आभाळाचं नातंच बदललं. आभाळ स्वच्छ तर मीठ, मीठ तर लॉरी. काजूच्या मोहराला नको असलेलं ते मळभ चार दिवस रेंगाळलं की मीठ धरायचं नाही, आणि रस्ता सुना पडायचा. मग ती सकाळ-संध्याकाळ बांधावर उभी राहून सह्याद्रीकडे बघायची, ढगांना मनातल्या मनात शिव्या घालायची.

"आमचा चेडू मिठाची भारीच काळजी करूक लागलां," कृष्णनाथ लेकीकडे बघत म्हणायचे, आणि विडी पेटवायचे.

महादेव आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"काल तुमच्याकडे पाऊस पडलो?"

"नाय. तुमच्याकडे?"

"आरोंद्याक शिंतडलो. मी त्येका सांगितलंय, नदीच्या पलीकडे जाव नको."

"आणि त्येणा आयकल्यान?"

"माजा सगळी आयकतत," तो म्हणायचा, आणि मग तिच्याकडे बघत, हळूच, "एक सोडून..."

शेवंती टोपली उचलून चालू लागायची. कान मात्र मागेच राहायचे.

वैशाखात हवा बदलली. वारा दक्षिणेकडून दमट येऊ लागला, अंगाला चिकटू लागला. घरोघरी कोकमाची सोलं वाळत पडली, पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवायची लगबग झाली. अशा एका दुपारी पोती चढवता चढवता महादेव म्हणाला, "मालक गाडी बेळगावच्या घाटार लायता. फुडल्या वर्साक मिठाक दुसरो कोण तरी येतलो."

"बरां," शेवंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्याने काही विचारलंच नव्हतं.

घरी डिचोलीची सुलोचना मावशी स्थळ घेऊन बसली होती. मुलगा नोकरीवाला, पाऊस लागला की बघायला येणार. एकदा पावसाने मिठागर बुडवलं की लॉरी यायची नाही, आणि न आलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं? उन्हाचे जेवढे दिवस उरले होते तेवढाच तिच्याकडे वेळ होता. तिला तो माणूस हवा होता. आभाळाकडे बघत तिने हे स्वतःशी कबूल करून टाकलं.

गोवा केंद्रशासित प्रदेशाचं वेगळं राज्य झालं तो आठवडा. हॉटेलातल्या रेडिओवर तेच चाललेलं. दुपारी पूर्वेकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं, आणि शेवटची मिठाची रास उघडी होती. कृष्णनाथ नि शेवंती झावळ्या ओढत धावले. तेवढ्यात रस्त्यावर लॉरीचा हॉर्न वाजला. त्या दिवशी लॉरीची खेप नव्हती.

महादेव धावत आला, पण बांधाबांधावरून, कप्प्यात पाय न घालता. एवढ्या घाईतही शेवंतीच्या ते लक्षात आलं. तिघांनी झावळ्या रचल्या, वर दगड ठेवले. वारा तोंडावर माती मारत होता.

"तुमचा आता राज्य झाला," तो धापा टाकत म्हणाला. "माका येवक पास लागतलो काय?"

"चिखलात पाय घालतत तेंका लागतलो."

तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर खाली गेली. मानशीजवळच्या रिकाम्या कप्प्यात, कोपऱ्यात, एक पाऊल होतं. मीठ धरून पांढरं झालेलं.

"ह्यां पावल... माजां मा?"

"तुजां कित्या आसात? कोणाचां तरी आसतला."

"दुसरा बोट अंगठ्यार चडलेला कोणाचा आसता गो?"

शेवंतीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "माका काय म्हायत. मी काय लोकांच्या पायांची बोटां बघतंय?"

"मी आज मीठ नेवक येवक नाय," महादेव म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. "घाटार जायचा नाय म्हणून मालकाक सांगून इलंय. माका... माका तू होई. पयल्या दिसापासून. तू नको म्हटलंस तर आता सांग, पाऊस पडायच्या आदी आरोंद्याक पोचतंय."

शेवंती वाकून राशीवरचा दगड उगाच सरकवू लागली. बांधावर बसलेल्या कृष्णनाथांनी विडी विझवली.

"सांग गो बाये," ते म्हणाले. "ह्या पावलाक धक्को लागा नये म्हणून हंगामभर फळी वळवून वळवून माजो हात दुखलो. तुका काय वाटला, माका दिसणा नाय?"

शेवंतीने बाबांकडे बघितलं, मग महादेवकडे. "पावसात हय मीठ नसता," ती कशीबशी म्हणाली.

"मीठ कोणाक होया?" महादेव म्हणाला.

मग पाऊस आलाच. मावशीला काय सांगायचं ते कृष्णनाथ बघून घेणार होते. हंगाम संपला म्हणून त्यांनी मानस उघडली आणि खाडीचं पाणी कप्प्यात शिरलं, कोपऱ्यापर्यंत पसरलं. पांढरं पाऊल विरघळून गेलं. शेवंतीला वाईट वाटलं नाही. पावलाचा मालक बांधाच्या कडेला, चिंब भिजून, चप्पल हातात धरून उभा होता.

"उतरू?" त्याने कप्प्याकडे बघत विचारलं.

"उतर," शेवंती म्हणाली, आणि हात पुढे केला.