नववी खुंटी

उल्हासनगरच्या त्या गल्लीत राजसी रिक्षातून उतरली, कॉम्प्युटरचं जड कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून वळली, आणि समोर कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर बंद. वर कागद चिकटवलेला — घरी लग्न आहे, दुकान सोमवारी उघडेल.

सोमवारी... आणि तिची परीक्षा उद्या, रविवारी सकाळी दहाला. पुण्याची एक कंपनी तिला घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायचं काम देणार होती, पण आधी चार तास ऑनलाइन काम करून दाखवायचं होतं. त्यासाठीच तिने याच दुकानातून सुटे भाग घेऊन, व्हिडिओ बघत बघत, बदलापूरच्या घरी स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. बटण दाबलं... काहीच नाही. साधा दिवासुद्धा लागला नाही. "तरी सांगत होतो, तयार घे," म्हणून तिचा भाऊ विकासदादा हसला होता.

"ठेवा खाली. जड आहे ते."

शेजारच्या शिलाई मशीनच्या दुकानाच्या पायरीवर एक तरुण बसला होता. बोलता बोलता उठून त्याने कॅबिनेटची दुसरी बाजू धरलीसुद्धा.

"तुम्ही रिपेअर करता?"

"कॉम्प्युटर नाही, पंप. जांभूळला पाण्याच्या प्लांटवर इलेक्ट्रिशियन आहे. आईच्या मशीनची मोटर घ्यायला आलोय." मग जरा थांबून म्हणाला, "पण करंट सगळीकडे सारखाच असतो."

त्याचं नाव महिपती. ऐकून राजसीला हसू आवरलं नाही.

"आजोबांचं आहे," तो शांतपणे म्हणाला. "ते गेले, नाव मला ठेवून गेले."

शिलाई मशीनवाल्या सिंधी दुकानदाराला सगळी गल्ली साईं म्हणायची. साईंनी गोदामातून मोटर आणली, या दोघांकडे एकदा बघितलं आणि टेबलावरचा पसारा बाजूला सारला. "बैठो बेटा, इधर लाइट है, पंखा है."

राजसीने स्क्रू-ड्रायव्हर महिपतीपुढे धरला. त्याने तो घेतला नाही.

"जोडलाय तुम्ही, तर खोला पण तुम्हीच. मी बघतो."

असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी फ्यूज गेला तरी 'तू बाजूला हो' एवढंच ऐकायची सवय.

पाठीमागचा स्विच चालू होता. मग वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, तिने सुटा काढून तपासला. महिपतीने सांगितलं तशी वायरच्या तुकड्याने हिरवी आणि काळी तार जोडली, तर आतला पंखा फिरायला लागला.

"डबा जिवंत आहे," तो म्हणाला. "आता?"

"आता मदरबोर्ड बाहेर काढून बघते."

तिने बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, तारा जोडल्या आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं... प्रोसेसरवरचा पंखा गरगरला. तिने मान वर केली — आणि बघते तर महिपतीची नजर पंख्यावर नव्हतीच. ती तिच्यावर होती. त्याने घाईघाईने मोटरचं खोकं चाचपलं.

"बाहेर चालतो, आत गेला की मरतो," ती पुटपुटली. "म्हणजे आत काहीतरी बोर्डाला टेकतंय..."

बोर्ड ज्यांच्यावर बसतो त्या पितळी खुंट्या तिने बोट ठेवून मोजल्या. बोर्डाला भोकं आठ, खुंट्या नऊ. नववी नुसतीच बोर्डाच्या पाठीला भिडत होती. शॉर्ट तिथेच होत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"अंदाज आला होता. बोर्ड बाहेर चालला तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचार करताना... एकच भुवई वर जाते तुमची." त्याचे कान लाल झाले होते. "बघत राहिलो."

राजसी परत कॅबिनेटवर वाकली. पण ती नववी खुंटी काढताना तिच्या हातून दोनदा पकड सुटली.

रविवारी कॉम्प्युटर चार तास एकदाही अडखळला नाही. बुधवारी कंपनीचा होकार आला. दुकानातून निघताना घेतलेल्या नंबरवर तिने महिपतीला फोन केला, आणि ठेवल्यावर लक्षात आलं की घरात अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

मग रोज सकाळी त्याचा मेसेज येऊ लागला. 'आज तुमच्याकडे पाणी साडेसहाला.' 'आज प्रेशर कमी आहे, बादल्या भरून ठेव.' 'तुम्ही'चं 'तू' नक्की कोणत्या दिवशी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

तीन महिन्यांनी अंबरनाथ पूर्वेला, त्याच्या घराजवळच्या टपरीवर चहा घेताना ती म्हणाली, "एक सांगू? पाण्याची वेळ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळीच येते. रोज."

त्याचा कप तसाच हातात राहिला. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू पाठवायचा थांबला असतास."

 तीच पुढे म्हणाली, "आईला सांगितलंय, रविवारी एकजण जेवायला येणार आहे."

"कोण म्हणून सांगितलंस?"

"तिनेही तेच विचारलं. म्हटलं, त्याला विचारून सांगते."

महिपतीने कप खाली ठेवला. मग सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "सांग, त्याला तुमच्या राजसीशी लग्न करायचंय. तिचा होकार असेल तर."

"तिचा होकार आहे," राजसी म्हणाली, आणि तिथेच, त्याच्यासमोर, तिने आईला फोन लावला.