नाव सांगा, मंग जेवा

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मी लकडगंजला गेले होते. कामं दोनच. देवासाठी तिळाचं तेल आणायचं आणि अंदमानहून फोनवर आलेल्या एका कागदाची प्रिंट काढायची. तुम्ही बाबांना बघायला आलात, 'मनोहरला काय झालं?' असं विचारलंत, म्हणून सांगते. कामिनीवहिनी चहा घेऊन येईपर्यंत सांगून होईल. तिच्यासमोर नको.

आमच्या घराण्यात एक मौनीबाबा होऊन गेले, हे तुम्ही बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. बाबांचे पणजोबा, गिरिधर. काटोलजवळच्या आमच्या गावात त्यांनी मालगुजाराच्या माणसाचं डोकं फोडलं आणि इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं. मागे बायको गोपिका एकटी, मूलबाळ नाही. सोळा वर्षांनी एक दाढीवाला, वाळून कोळ झालेला माणूस तिच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. गळ्यातला लाकडी बिल्ला काढून त्याने तिच्या हातात ठेवला, बस. बिल्ल्यावर कैद्याचा नंबर होता, पण इंग्रजी आकडे वाचणारं गावात होतं कोण? लोकांना वाटलं, हा बिल्ला म्हणजे देवच, यानेच याला समुद्रापलीकडून आणलं. बिल्ल्याला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवला. माणूस त्यापुढे तीस वर्षं जगला आणि एक शब्द बोलला नाही. मौनाचं व्रत, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. त्याला एक मुलगा झाला. आम्ही सगळे त्या मुलाचे.

तेव्हापासून सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्तीचं वाढतात, उंबऱ्याबाहेर. घरची सून त्या पानासमोर उभी राहते आणि म्हणते, "नाव सांगा, मंग जेवा." हे गोपिकेने सुरू केलेलं. आम्हाला वाटायचं, ही उखाण्याचीच गंमत असणार. लग्नात नवरा-नवरीला दारात अडवून नाव घ्यायला लावतात ना, तशी मुक्या नवऱ्याची थट्टा. आई ते म्हणताना पदर तोंडाला लावून हसायची. मी तर खिदळायचे. आता ते आठवलं की शिसारी येते.

यंदा पितृपक्ष लागला त्याच दिवशी देवाने खोळ टाकली. सव्वाशे-दीडशे वर्षांचा तेल-शेंदराचा थर, बोटभर जाडीचा, सकाळी देव्हाऱ्यात आपोआप सुटून पडलेला. होतं असं जुन्या देवांचं. लोक शुभ मानतात, खोळ वाहत्या पाण्यात सोडतात. बाबांनी हात जोडले, आणि दुपारी जेवायला बसले तर घास घशाखाली उतरेना.

पहिले दोन दिवस वाटलं, घसा धरला असेल. मग दुर्बिणीने पाहिलं, फोटो काढले. घसा आरशासारखा स्वच्छ. पण पाण्याचा घोटसुद्धा जाईना. बाबा घास तोंडात घोळवायचे, घोळवायचे, आणि लाळेत भिजलेला लगदा वाटीत काढायचे. आवाज कुजबुजीवर आला. सलाईनवर किती दिवस काढणार? नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले, तर चौऱ्याऐंशीचा हा माणूस हाताने खूण करून सांगत होता, नको. बारा दिवसांत छातीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. मला एकच दिसत होतं, माझा बाप भरल्या घरात उपाशी मरतोय.

खोळ मी अजून सोडली नव्हती. तिला वास येत होता. आमच्या देवाला फक्त तिळाचं तेल. खोबरेल आमच्या घरात कुणी डोक्यालाही लावत नाही, का ते कुणाला माहीत नाही. आणि खोळीतून मात्र खवट खोबरेलाचा असा भपकारा यायचा की देवघरात उभं राहवत नसे. एकदा नाकाला रुमाल लावून मी ती उलटी केली. आतून लाकडाचा ठसा असायला हवा होता. आत बारीक बारीक छिद्रं होती, आडव्या दोन वळ्या होत्या, मधे एक गाठीएवढा खळगा. माणसाच्या गळ्यावर ओली कणीक थापून काढावी, तसा ठसा. आणि त्या छिद्रांतून आखूड, राठ केस बाहेर आलेले.

तुम्हाला माहीत आहे, मी सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लोकांची थुंकी, शी, पू, सगळं याच हातांनी हाताळलं आणि त्याच हातांनी डबा खाल्ला. मला किळस येत नाही. पण त्यातला एक केस चिमट्याने उपटून मी लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दाढीचा केस, मुळासकट. मूळ ओलं होतं. मी बेसिनवर जाऊन भडभडून ओकले.

खोळ पडल्याने बिल्ल्यावरचा नंबर पहिल्यांदा दिसला होता. त्याचा फोटो मी श्वेताला पाठवला. ही मुलगी अंदमानातल्या जुन्या कैद्यांच्या नोंदींवर काम करते, आमची ओळख फोनवरचीच. मला वाटलं, मौनीबाबाचा काही नवस राहिला असेल, काही कळलं तर बाबांच्या जिवाला शांती मिळेल. तिचं उत्तर म्हणजे लकडगंजला काढलेली ती प्रिंट.

प्रिंटच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी वाचलं. नंबर तोच. गिरिधर वलद रामाजी, म्हणजे रामाजीचा मुलगा, तालुका काटोल. पुढे लिहिलं होतं, मृत. गेल्यानंतर आठव्या वर्षी, तिथेच, तेलाच्या घाण्याच्या कोठडीत. घशात खोबऱ्याचा चोथा मुठीने कोंबलेला. गळ्यातला बिल्ला सापडला नाही. संशय त्याच घाण्याला जुंपलेल्या दुसऱ्या कैद्यावर, पुरावा नाही. त्या दुसऱ्याच्या नावावर वाळवीने भोक पाडलं होतं. सुटका झाल्याचं साल मात्र दिसत होतं, आणि भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं, याला मराठी येत नाही, दुभाष्या लागतो.

म्हणून तो मुका होता. एकदा तोंड उघडून 'मले पानी दे' म्हटलं असतं, तरी गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा आपला नव्हे. आणि गोपिकेला कधी कळलं? मला विचाराल तर पहिल्याच दिवशी. म्हणून दरवर्षी ती बाई ताट पुढे धरून नाव विचारत राहिली, आणि तो ओठ मिटून खात राहिला. मग रात्री तिच्याच बाजूला निजला. ते पोर, आणि त्या पोराचे आम्ही. मला माझ्या हातांवरच्या शिरा बघवेनात.

घरी आले तर बाबा जागेच होते.

"काय आलं वं कागदात?"

"काही नाही बाबा. तुमी पडा."

"काहून लपवून राहिली? मले… मले आता किती दिवस राह्यले?"

मग सांगितलं. सगळं. ज्या माणसाचा चौऱ्याऐंशी वर्षं अभिमान धरला, तो असा हातातून गेला.

"मंग मी कोनाचा वं, उत्तरा?" त्यांनी विचारलं. मला रडू फुटलं. थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्याचं पान गिरिधरच्या नावानं वाढ. खरा उपाशी तोच हाय. त्याले भेटलं तं माहा घसा सुटन."

मलाही ते पटलं. दुसरं करण्यासारखं उरलं तरी काय होतं?

सर्वपित्रीला दुपारी बारा वाजता मागच्या अंगणात पान मांडलं. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. माझा भाऊ सुशील चंद्रपूरला ड्यूटीवर, म्हणून घरात आम्ही तिघंच. ऊन असं की फरशीला पाय लावू देईना. बाबांना मी दाराशी खुर्चीत बसवलं. पानासमोर पाणी सोडून मी मोठ्याने म्हटलं, "हे पान गिरिधर वलद रामाजीचं आहे. दुसऱ्या कुणी हात लावू नये."

भिंतीवर दोन कावळे होते. ते एकदम उडाले. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी तो वास आला. खवट खोबरेल… आधी पायांपाशी, मग नाकापाशी.

वहिनीला यातलं काही सांगितलं नव्हतं, तिथेच चुकले मी. ती हात पुसत बाहेर आली आणि दरवर्षीच्या सवयीने पदर सावरून हसत म्हणाली, "नाव सांगा, मंग जेवा."

मागे खुर्ची करकरली.

"उत्तरा…" बाबा म्हणाले. "मले… मले धर वं…"

मी वळले तोवर ते उठले होते. आठवडाभर ज्यांना कुशीवर वळवावं लागत होतं, ते आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेले आणि त्या पानावर बसले. दोन्ही हातांनी खाऊ लागले. खीर, कढी, भाजी, सगळं एकत्र कालवून मुठीमुठीने तोंडात कोंबत होते. चावणं नाहीच. गळ्यातून गटक, गटक आवाज यायचा आणि गाठ वर-खाली व्हायची. हनुवटीवरून तेल गळत होतं, आणि सांगते, त्या जेवणात एवढं तेल नव्हतं. शेवटी पत्रावळ उचलून चाटली.

"बाबा जेवले! ताई, बाबा जेवले!" वहिनी रडत होती आनंदाने. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

तेव्हापासून तीन आठवडे झाले. चार वेळा जेवतात. वजन भरून आलं, डॉक्टर खूश, वहिनीने गल्लीत पेढे वाटले. फक्त बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, येईल आवाज हळूहळू. मी रोज जवळ बसते, म्हणते, "बाबा, एकदा 'मले' म्हणा. एकच डाव." त्यांनी तेवढं म्हटलं तर हा कागद मी चुलीत घालीन. ते हसतात. माझ्या डोळ्यांकडे नाही बघत, ओठांकडे बघतात.

परवा आंघोळ घालताना त्यांच्या गळ्यावरून नारिंगी रंगाची पातळ खपली निघाली. मळ असेल म्हणून उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला लाकडाच्या रेषा होत्या. त्यांत उलटे आकडे. मी ती त्यांच्यासमोर नालीत टाकली आणि साबणाने हात सोलेपर्यंत धुतले. वास अजून जात नाही, बघा. येतोय ना तुम्हालाही?

गप्प. वहिनी आली.

"घ्या काका, चहा. ताईनं सांगतलं का नाई तुमाले? अवो, बाबा बोलाले लागले! सकाळपासून न्हाणीत एकटेच मले, मले, तुले, तुले करून राह्यले होते. लहान लेकरू शिकते ना, तसं. मले तं हसूच आलं. मंग ताट नेलं, तं मी गमतीनं म्हटलं, नाव सांगा, मंग जेवा. तं माह्याकडे पाहून हळूच म्हणतात कसे…"

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मनोहर."